सावलीची वहिवाट

काळ्या रानाच्या मुलखात मनुष्य आणि गवत यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्या वैराचे आहे. बिलोली तालुक्यात ज्याच्या नावावर चार एकर काळी जमीन आहे, त्याच्या आयुष्याचा ताळेबंद मांडू गेल्यास एक मोठा हिस्सा कुंदा खणण्यात, दुसरा हरळी वेचण्यात आणि उरलेला लव्हाळ्याला शिव्या देण्यात खर्ची पडलेला आढळेल. आणि एवढे करूनही तो गृहस्थ जेव्हा इहलोकीची वहिवाट सोडून जातो, तेव्हा वारसांच्या नावे फेरफार मंजूर होण्यापूर्वीच कुंद्याने बांधाच्या बाजूने कब्जा घेतलेला असतो. कुंद्याची मुळे इतकी खोल जातात, की वरवर नांगरणाऱ्याची ती कीवच करीत असावीत. हरळीच्या कांडीचा बोटभर तुकडा खुरप्याखालून निसटला, तरी पुढल्या पावसात तो सहकुटुंब हजर होतो. आणि लव्हाळ्याची गाठ एकदा भुईत राहिली, की वरचा पाला कितीही वेळा उपटा, त्याचे तिला काहीच वाटत नाही. अशा प्रदेशात एखाद्याने पदरचे पैसे मोजून गवत विकत घ्यावे, ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत मांडीवर घेऊन एस. टी.ने नांदेडहून आणावे आणि अंगणात त्यासाठी जागा राखून ठेवावी, हा प्रकार लोकांना वेडाचा वाटला, तर त्यात लोकांचा दोष नाही.

आमचा सालगडी, ज्याचे तारुण्य माझ्याच रानातला कुंदा खणण्यात गेले, त्या पिशवीकडे बराच वेळ पाहत उभा राहिला.

"गुरुजी, ह्ये इकत आनलाव?"

मी होकार दिला.

"आन् ह्ये लावायचं? उपटायचं न्हाई?"

त्याच्या स्वरात उपहास मुळीच नव्हता. हुकूम नीट समजून घेण्याची दक्षता तेवढी होती. मी पुन्हा होकार दिला, तेव्हा त्याने कंबरेचे खुरपे काढून शांतपणे ओसरीवर ठेवले. या कामी आपल्या आजवरच्या अनुभवाचा उपयोग नाही, असे त्याने मनाशी ठरवले असावे.

वास्तविक या खटल्याचे मूळ आमच्या अंगणातील लिंबाच्या झाडात आहे. झाड जुने, विस्ताराने उदार आणि सावलीने दाट. पण त्याच्या बुडाभोवतीची जमीन मात्र उघडी, भेगाळलेली आणि पायांनी तुडवून तुकतुकीत झालेली. तिच्यावर काहीतरी हिरवे असावे, या अल्पस्वल्प इच्छेने मी आधी हरळीलाच पाचारण केले. तीन शेतांतून जिला हद्दपार करता करता माझे वडील थकले, ती हरळी मी स्वहस्ते आणून, पाणी घालून, आर्जवे करून लिंबाखाली लावली. आणि रानात जिला मरण ठाऊक नाही, ती माझ्या अंगणात पिवळी पडून, लांबट होऊन, हळूहळू नाहीशी झाली. शत्रूने शरण यावे, पण आपण बोलावल्यावर येऊ नये, असा हा अजब मानी स्वभाव.

याचे शास्त्रीय कारण आहे, आणि ते हरळीच्या बाजूने सांगणे न्यायाला धरून होईल. हरळी, ज्वारी, मका, ऊस ही सगळी उन्हाची जात. वनस्पतिशास्त्रज्ञ यांना 'सी-फोर' या वर्गात घालतात. हवेतला कर्बवायू गोळा करून पानाच्या आत एका ठिकाणी दाटीने साठवण्याची जादा यंत्रणा या मंडळींजवळ असते. रणरणत्या उन्हात आणि कोरड्या हवेत ती यंत्रणा भरपूर कमाई करून देते, पण तिला चालवायला ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा उन्हातूनच येते. दाट झाडाखाली पोचणारा उजेड उघड्यावरच्या उजेडाच्या दशांशही भरत नाही. तेथे हा सारा कारखाना तोट्यात जातो. म्हणूनच ज्या शेतात पीक दाट वाढून जमीन झाकते, तेथे हरळी आणि लव्हाळा दोन्ही आपसूक मागे हटतात. हरळीवरचे उत्तम औषध सावली आहे, ही गोष्ट शेतकऱ्याला ठाऊक असते. फक्त एवढी सावली शेतावर आणायची कुठून, हे त्याला ठाऊक नसते.

कारण मराठवाड्यात सोने, सागवान आणि सावली या तिन्ही वस्तू मौल्यवान खऱ्या. पण पहिल्या दोहोंना चोराचे भय असते, तिसरीवर दिवसाढवळ्या अतिक्रमण होते, आणि अतिक्रमण करणाऱ्याला वर चहाही द्यावा लागतो. मे महिन्याच्या मध्यास सूर्य बिलोलीच्या बरोबर माथ्यावर येतो. त्या सुमारास पारा ४२-४३ अंशांवर असताना, भर दुपारी झाड आपली सावली सगळीच्या सगळी आपल्या पायाशी ओढून घेते, आणि त्या आखडत्या वर्तुळात माझी बाज, शेजारच्या निवृत्त मंडळ अधिकाऱ्यांची खुर्ची, दोन-तीन मोटारसायकली, तहसील कचेरीतली तारीख दुपारनंतर असलेले गावाकडचे पाहुणे, कुणाची तरी शेळी आणि कुणाचेच नसलेले कुत्रे, असा सर्वांचा जमाव होतो. हे मंडळ अधिकारी, ज्यांना जुनी मंडळी अजूनही निजामी आमदानीतल्या रिवाजाप्रमाणे गिरदावर म्हणतात, या वहिवाटीचे सर्वांत जुने हक्कदार आहेत. पेन्शनीवर आल्यापासून त्यांची खुर्ची त्या झाडाखाली अव्याहत आहे, आणि अव्याहत कब्जाचा कायदा त्यांना माझ्यापेक्षा अधिक पाठ आहे.

सावलीची मालकी ठरवणे हे मुळातच दुर्घट काम. सातबाऱ्याच्या शेऱ्यात झाडाची नोंद होऊ शकते, सावलीची होत नाही. आणि होणार तरी कशी, ती एका गटात स्थिर राहत नाही. सकाळी ती पश्चिमेच्या गल्लीत जाऊन बसते, संध्याकाळी पूर्वेच्या कुडावरून पलीकडे उतरते, आणि हिवाळ्यात, जेव्हा तिचे कुणालाच सोयरसुतक नसते, तेव्हा भर दुपारी उत्तरेकडील शेजाऱ्यांच्या अंगणात ऐसपैस पसरते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे पलीकडे गेली आणि बिलोली इकडे राहिली. त्या वेळी मंडळ-मंडळ वेगळे करून हद्दी कायम करणाऱ्या अंमलदारांपुढे कोणी लिंबाच्या सावलीची मिसल ठेवली असती, तर मला वाटते, त्यांनी ती पुढील कारवाईसाठी निजामाबादेस पाठवून दिली असती.

अशा या गजबजलेल्या जागेत ज्या गवताला मी आणले, त्याला रोपवाटिकेत 'मोंडो ग्रास' म्हणतात. आपल्याकडच्या रोपवाटिकांतील पुष्कळसा माल आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रका भरभरून येतो. कडियमची ती रोपे ज्या गाळाच्या मातीवर पोसली जातात, ती माती गोदावरीने आणलेली. आणि गोदावरीत मांजरा येऊन मिळते ती बिलोलीच्या शिवारांचे पाणी घेऊन, कंदकुर्तीच्या संगमावर. म्हणजे आमच्या बांधांवरून पावसाळ्यात फुकट वाहून जाणारी काळी माती, पोचमपाडच्या धरणाने अडवून ठेवलेला हिस्सा वजा जाता, समुद्राच्या दिशेने निघते. आणि कोणी सांगावे, त्यातलीच चिमूटभर एखाद्या पिशवीत भरली जाऊन, गवतासह, नगदी किमतीला आम्हाला परत मिळत असेल. मृदसंधारणाची याहून खर्चिक पद्धत कोणत्याही खात्याने अद्याप काढलेली नाही.

त्यातही गंमत अशी, की हे गवत कागदोपत्री गवत नाही. थुनबर्ग नावाचा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ १७७५-७६ या काळात जपानात राहिला; त्याच्या दप्तरी हे झाड 'कॉन्व्हॅलेरिया' या वंशाखाली रुजू झाले. पुढे फेरफार होऊन ते 'ऑफिओपोगॉन' झाले. दीर्घकाळ ते लिलीच्या कुळात नांदले. आणि २००९ सालच्या वर्गीकरणात त्याची बदली शतावरीच्या कुळात झाली, जेथे आपल्या बांधावरची काटेरी घायपातही त्याची भाऊबंद म्हणून बसलेली आहे. उलट, सहा-सात फूट उंचीची ज्वारी, वाड्याच्या आढ्यापर्यंत जाणारा बांबू आणि कारखान्याच्या काट्यावर वजनाला जाणारा ऊस ही अस्सल गवते, आणि त्यांना गवत म्हटलेले कुणालाच रुचत नाही. ही वंशावळ मी गिरदावरांना समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "मग जात पडताळणीला कोणता कागद जोडलाय याने?"

कागदाचे काही असो, गुणाने हे झाड आमच्या लिंबाखालच्या जागेसाठीच जन्मले आहे. पाने बारीक, फार तर तीन-चार मिलिमीटर रुंद, वीतभर उंचीवर कमानीसारखी वाकून पडणारी आणि गर्द हिरवी. तो गर्दपणा निव्वळ रूपासाठी नाही. अंधाऱ्या जागी मिळेल तेवढा उजेड टिपायचा, तर पानात हरितद्रव्य दाट लागते. नुकतेच तेल चोपडून विंचरलेल्या पोराच्या केसांसारखा त्याचा गुच्छ दिसतो. पावसाळ्यात पानांच्या आत, जवळजवळ लपून, फिकट जांभळी लहान फुले येतात आणि मागाहून निळी फळे. ती पाहायची तर गुडघे टेकून पाने बाजूला सारावी लागतात. जपानात झाडांच्या बुंध्याशी आणि पायवाटांच्या कडेला ते आवर्जून लावतात. अर्थात तेथे सावलीवरून भाऊबंदकी होत असल्याचे ऐकिवात नाही.

लागवडीची रीत साधी आहे, पण तिच्यात आमच्या मातीची समजूत काढावी लागते. काळी माती पाण्याने फुगते, ते धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा देते; या झाडाची मुळे पाणथळात कुजतात. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण करायचे. आता बिलोली तालुक्यात मांजरेच्या वाळूचे माहात्म्य सांगायला नको. तिच्या घाटांचे लिलाव होतात, तिच्या ट्रका अडवल्या जातात, पावत्या तपासल्या जातात, आणि तिच्यावरून उभे राहणारे तंटे पाहता ती वाळू बांधकामात जाण्यापूर्वीच निम्मी झिजत असावी. बांधकामावरच्या गवंड्याकडे मी दोन घमेली वाळू मागितली, आणि ती गवतासाठी हवी असल्याचे ऐकताच त्याने भाव न सांगता, "न्या गुरुजी, तब्येत सांभाळा," एवढेच म्हटले.

मृगाचा पाऊस स्थिरावला, की गड्डा पिशवीतून काढून मुळांवरची माती पाण्याने धुवावी. तेव्हा त्या मुळांत, मधूनमधून, शेंगदाण्याएवढ्या फुगीर पांढऱ्या गाठी दिसतात. दोन्ही अंगठ्यांनी गड्डा मधोमध दाबला की तो 'कट्' असा हलका आवाज करून दुभंगतो. असे करीत प्रत्येक फुटव्याला थोडी मुळे राहतील इतपत वाटणी करावी आणि अर्ध्या वितीच्या अंतराने फुटवे लावत जावे. आमच्या सौ.नी ही वाटणी पाहून, "भाऊभाऊ असे वेगळे निघत असते, तर कोर्टकचेऱ्या कशाला लागल्या असत्या?" असा शेरा मारला. त्या गाठी चिनी वैद्यकात औषध म्हणून वापरतात, हे मी त्या वेळी बोलून गेलो. तोवर 'याचा उपयोग काय' म्हणणाऱ्या गल्लीने दुसऱ्या दिवसापासून खोकला, गुडघे आणि मधुमेह यांवर गाठ कशी घ्यायची, याची चौकशी सुरू केली. झाडाच्या रक्षणार्थ मला पुढे ते चिनी औषध केवळ चिनी लोकांनाच लागू पडते, असे जाहीर करावे लागले.

उपयोगाचा हा प्रश्न आमच्याकडे कोणत्याही हिरव्या वस्तूला तीन परीक्षांतून विचारला जातो: गुरे खातात का, छपरावर चालते का, देवाला चालते का? मोंडो तिन्हींत नापास. शेळीने एक गुच्छ तोंडात घेऊन, थोडे चावून, खाली टाकला आणि कडब्याकडे तोंड फिरवले. छपराला ते पुरायचे नाही. राहता राहिला देव; पण गणपतीला हरळीच लागते, आणि शेजारच्या आजींनी "हिरवं म्हणून काहीबी वाहत नसतेत बाबा," असे बजावून तोही दरवाजा बंद केला. एकट्या कुत्र्याने मात्र त्याचे मोल बरोबर जाणले. भर वैशाखात दाट पानांखालची ओलसर माती किती थंड असते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. तो गुच्छांवर अंग टाकून, पोट मातीला लावून झोपे, आणि उठल्यावर पाने पुन्हा सावकाश वर येत.

आता पाण्याविषयी. या गवताला पाणी बेताचे लागते. बोट मातीत खुपसून दोन पेरांवर ओल लागली, तर त्या दिवशी काही घालू नये. पण बिलोलीत झाडाला पाणी न घालणे हे क्रौर्य समजले जाते, आणि जेथे माणसाला घोटभर मिळण्याची मारामार, तेथे झाडाला घातलेले पाणी हे पुण्यच मानले जाणार. पाहुणा आला, पाणी प्याला, की तांब्यातले उरलेले गवताला. जेवण झाले, की चूळ गवतावर. मोटारसायकल धुतली, की तिचे पाणीही परोपकारार्थ गवताकडे. शेजारच्या धर्माबाद तालुक्यातील बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला, आणि तेव्हापासून दोन राज्ये त्या तारखांना बांधलेली आहेत. तसा निवाडा माझ्या अंगणाबाबत मिळवून, तांब्या केव्हा ओतावा आणि केव्हा ओतू नये, हे झाडाच्या खोडावर डकवावे, असे मला अनेकदा वाटले.

माघ-फाल्गुनात दुसरेच संकट. आयुष्यभर सावली देणारा लिंब शिमग्याच्या सुमारास, नेमके ऊन तापू लागताच, पानगळ करून मोकळा होतो; ज्याच्या भरवशावर गवत लावले, तोच जामीनदार ऐन मुदतीत गैरहजर. त्या काही आठवड्यांत कोरडी हवा, तिरपे ऊन आणि बोअरचे जड पाणी यांनी मोंडोची टोके तपकिरी होतात. गिरदावरांनी त्यांचा रीतसर पंचनामा केला: खुर्चीवरून वाकून, चष्मा कपाळावर चढवून, एकेक पान दोन बोटांत धरून, "पैसेवारी पन्नासच्या आत येतेय," असा निष्कर्ष काढला. पन्नासच्या आतील पैसेवारीला दुष्काळी सवलती लागू होतात, तेव्हा गवताला त्या का मिळू नयेत, यावर त्या दुपारी बराच खल झाला. उपाय मात्र एवढाच, की गळलेला पाला हाताने वेचून काढावा, करपलेली टोके कात्रीने छाटावी आणि पाडव्याची वाट पाहावी. पाडव्याला लिंबाला कोवळा पाला आणि मोहर येतो, त्यातलाच प्रसादाला तोडून घ्यायचा; त्याच दिवशी आमच्या सालगड्याचे नवे साल धरले जाते; आणि त्याच सुमारास गुच्छांच्या मध्यातून गवताची नवी पाने निघू लागतात. सालगड्याने यंदा साल ठरवताना एक अट वाढवून घेतली: रानातला कुंदा खणीन, पण अंगणातल्या गवताची हजेरी माझ्याकडे नको, उपटायची सवय असलेल्या हाताचा भरवसा नाही.

वाढ फार सावकाश. पहिली दोन वर्षे ते जिथे लावले तिथेच आहे असे वाटते. भुईखालून त्याचे आखूड धुमारे सरकत असतात, पण त्यांना घाई नाही. एवढ्या अवधीत आमच्या तालुक्यात एखादी बांधावरची तक्रारही निकाली निघत नाही, हे लक्षात घेता तो वेग वाईट म्हणता येणार नाही. हळूहळू गुच्छ एकमेकांना भिडले आणि लिंबाच्या बुंध्याभोवती हातभर रुंदीचा हिरवा पट्टा तयार झाला. त्यासाठी माझी बाज भिंतीकडे सरकली, मोटारसायकली गल्लीत गेल्या, आणि गिरदावरांची खुर्ची, लेखी हरकत नोंदवून, चार पावले पश्चिमेला हलली, जेथे दुपारी दोननंतर गुडघ्यांवर ऊन येते. कागद, वकील आणि मोजणी यांच्याशिवाय झालेले सावलीचे हे एकमेव वाटप आमच्या गल्लीच्या स्मरणात आहे.

तेव्हापासून दर पावसाळ्यात फुटवे मागायला लोक येतात. मी आनंदाने देतो, सोबत मातीची, वाळूची आणि पाण्याची रीत सांगतो, आणि झाडाखाली लावा, असे पुन्हा पुन्हा बजावतो. मंडळी मान डोलावतात आणि घरी जाऊन ते दर्शनी फाटकाशी, रंग दिलेल्या टायरात, भर उन्हात लावतात. कारण शोभेची वस्तू जिथे येणारा-जाणारा पाहील तिथेच असली पाहिजे, आणि झाडाखालची जागा तर बसण्यासाठी असते. दिवाळीपर्यंत ते तग धरते, होळीला करपते, आणि मग गुरुजींनी दिलेला फुटवाच कमअस्सल होता, असा निकाल लागतो. मी अपील करीत नाही. गवताच्या जोपासनेचे सारे शास्त्र लोकांना मान्य आहे. वाळू कितीही महाग असो, ते आणतील, पाणी तर हवे त्याहून जास्तच घालतील. फक्त फुटवा मागताना, 'त्यासाठी माझी बाज मी चार हात बाजूला घेतो,' असे म्हणणारा अर्जदार अद्याप आमच्या दारी रुजू झालेला नाही. आणि गिरदावर म्हणतात, तसा कुणी आलाच, तर त्याचा अर्ज आधी त्यांच्याकडे पाठवावा, कारण त्यांची खुर्ची मोकळ्या जागेच्या शोधात आहे.